उपजत पाय आणि कमावलेले पाय

हल्लीं रविवारीं पहांटे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरून शेंकडों स्त्रीपुरुष धांवतांना दिसतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाली, मुंबईची २००४ सालीं. आणि त्यानंतर ही हौस लहानमोठ्या शहरांतून झपाट्यानें पसरली. डॉक्टर, वकील, बँकेंतील कारकून, शिक्षिका, पेन्शनर अशीं माणसें बेचाळीस किलोमीटरांची भाषा बोलूं लागलीं, ही आम्हांस निर्भेळ आनंदाची गोष्ट वाटते. आपल्याला पाय आहेत, याचा आमच्या मध्यमवर्गाला पुष्कळ काळ विसर पडला होता. परंतु या नव्या हौसेबरोबर एक जुनें मत घरोघर नव्यानें उच्चारलें जाऊं लागलें आहे, आणि त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. तें मत असें कीं, लांब पल्ल्याचें धांवणें ही उपजत देणगी आहे. ती ज्याला आहे त्याला शिकविण्याची गरज नाहीं, आणि ज्याला ती नाहीं त्याला शिकवून उपयोग नाहीं.

हें मत अनेक वेष घेऊन येतें. शर्यतींत पुढें आलेल्या शेजाऱ्याविषयीं चहा पितांना कोणी सहज म्हणतो, "त्याचें काय, त्याच्या रक्तांतच आहे." मागें राहिलेला म्हणतो, "आमच्या घराण्यांत कोणी धांवलेलें नाहीं." वर्तमानपत्रांत खेड्यांतील एखाद्या मुलीच्या पदकाची बातमी येते आणि तिच्या नांवामागें 'निसर्गदत्त' हें विशेषण न चुकतां लागतें. बोलणाऱ्यांचा हेतु बहुधा स्तुतीचा असतो. पण या स्तुतीनें स्तुति झालेल्याचे श्रम पुसले जातात, आणि स्तुति करणारा आपल्या कर्तव्यांतून अलगद मोकळा होतो. म्हणूनच आम्हांला ती निरुपद्रवी वाटत नाहीं.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. उपजत गुण नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. दोन माणसें सारख्याच सरावानें सारखींच धांवतील, असेंही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, उपजत गुण ही आधीं दिसणारी आणि मग जिच्यावर शिक्षणाचा खर्च करावा अशी वस्तु नसून, शिक्षणाच्या शेवटीं दिसणारी वस्तु आहे. तेव्हां गुण दिसत नाहीं म्हणून शिक्षण नाकारणें हा तर्काचा दोष तर आहेच. पण त्याहून अधिक, तो अन्याय आहे.

प्रतिपक्षाची बाजू आम्ही यथाशक्ति चांगल्या शब्दांत मांडतों. पहिला आक्षेप असा कीं, धांवणें ही विद्याच नव्हे. सतार शिकावी लागते, पोहणें शिकावें लागतें. पण मूल चालूं लागलें कीं आपण होऊन धांवूं लागतें. दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. गांवच्या जत्रेंतील शर्यतींत महिनोन्महिने सराव केलेल्यांना मागें टाकून एखादा गुराखी पोरगा पहिला येतो. तो काय शिकून आलेला असतो? तिसरा आक्षेप हौशी माणसाचा. तो म्हणतो, मी आनंदासाठीं धांवतों. मला वेळापत्रक आणि वह्या कशाला? ऑफिसांत जें आहे तेंच मैदानावर आणावयाचें काय? हे आक्षेप अगदींच पोकळ नाहींत, म्हणूनच त्यांचा विचार करावयाचा.

तिसऱ्या आक्षेपापासूनच आरंभ करूं, कारण त्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. ज्याला आपण 'हौशी खेळाडू' म्हणतों, ती कल्पना इंग्लंडांतून आली. लंडनमध्यें १८६६ सालीं स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबानें हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिनें यंत्रकामगार, कारागीर व मजूर यांना हौशी खेळाडूंतून वगळलें. पैशासाठीं न खेळणारा तो हौशी, एवढ्यानें त्या मंडळींचें भागेना. हातानें काम करणारा माणूस मुळांतच हौशी असूं शकत नाहीं, असें त्यांचें मत. १८८० सालीं ऑक्सफर्ड येथें नवी संघटना झाली तेव्हां हें कलम गेलें. पण त्यामागील मनोवृत्ति गेली नाहीं. श्रम हे मजुराचें लक्षण, आणि घाम न गाळतां जिंकणें हें सद्गृहस्थाचें लक्षण, ही ती मनोवृत्ति. रॉजर बॅनिस्टर यांनीं ६ मे १९५४ रोजीं ऑक्सफर्डला मैलाचें अंतर ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत काटलें, त्याची कथा याच थाटांत सांगितली जाते: एक वैद्यकीचा विद्यार्थी, दुपारच्या सुटींत थोडासा धांवणारा, आणि पाहतां पाहतां जगाला अशक्य वाटलेली गोष्ट करून मोकळा! दुपारच्या सुटींत धांवत असत, हें खरें. पण त्या सुटींत ते पावपाव मैलाचे दहा फेरे, मध्यें ठराविक विश्रांति घेऊन, घड्याळाबरहुकूम धांवत. आणि महिनोन्महिने खपून त्यांनीं तो वेग फेऱ्यामागें ६६ सेकंदांवरून ५९ सेकंदांपर्यंत आणला होता. शर्यतीच्या दिवशीं दोन मित्र पुढें धांवून त्यांना गति आंखून देत होते. यांत निष्काळजी हौस कोठें आहे? वेळ थोडा होता म्हणूनच शिस्त अधिक होती. ज्याला दिवसाचे चार तास आहेत त्याला एखादे वेळीं भोंगळपणा परवडेल. ज्याला अर्धाच तास आहे त्या हौशी माणसाला तो मुळींच परवडत नाहीं.

दुर्दैवानें आमच्या इंग्रजी शिकलेल्या वर्गानें साहेबाचा सराव न उचलतां त्याची ऐट तेवढी उचलली. एरवीं आपल्या स्वतःच्या परंपरेंत अशा मताला थारा नव्हता. कुस्तीच्या आखाड्याला आपण काय म्हणतों? तालीम म्हणतों, आणि तालीम या अरबी शब्दाचा अर्थच मुळीं शिक्षण असा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे नवा पैलवान मैदानांत उतरला, तर 'याच्या रक्तांत काय आहे' असें कोणी विचारीत नाहीं; 'कोणत्या तालमीचा? वस्ताद कोण?' असेंच विचारतात. गवयाविषयींही तोच प्रश्न: कोणाजवळ शिकला, रियाज किती केला? गळा चांगला असणें ही देवाची देणगी खरी, पण केवळ चांगल्या गळ्यावर कोणाला बैठकीचें निमंत्रण आलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं. इतकेंच काय, आमच्या हौशी नाटकमंडळ्या एका प्रयोगासाठीं महिना महिना राबतात, आणि त्या राबण्यालाही आपण तालीमच म्हणतों. हौशी नटानें पाठांतर न करतां रंगभूमीवर उभें राहावें, त्यांतच हौसेची शोभा आहे, असें म्हणणाऱ्याला प्रेक्षक दुसऱ्या अंकापर्यंत टिकूं देणार नाहींत. मग धांवणाऱ्याच्याच हौसेला तालमीचें वावडें कां असावें?

साहित्याच्या वाचकांना याहून जवळचा दाखला देतों. काव्य कशानें निर्माण होतें, या प्रश्नाला मम्मटानें काव्यप्रकाशांत दिलेलें उत्तर प्रसिद्ध आहे. शक्ति म्हणजे उपजत प्रतिभा, लोकव्यवहार व शास्त्रें यांच्या अवलोकनानें येणारी निपुणता, आणि जाणकारांच्या हाताखालीं केलेला अभ्यास, या तिहींना मिळून तो काव्याचा 'हेतु' म्हणतो. आणि हेतु हा शब्द तेथें एकवचनी आहे. तीन निरनिराळीं कारणें नव्हेत, तिहींचें मिळून एक कारण. पुढें जगन्नाथपंडितानें एकट्या प्रतिभेलाच कारण मानलें, हें खरें. पण त्यानेंही ती प्रतिभा कोणाला देवतेच्या वा महापुरुषाच्या प्रसादानें मिळते तर कोणाला व्युत्पत्ति आणि अभ्यास यांनीं मिळते, असें मान्य केलें. म्हणजे प्रतिभावाद्यांच्या या मुकुटमण्यानेंही अभ्यासाला दाराबाहेर ठेविलें नाहीं. कवितेच्या बाबतींत जें त्याला म्हणवलें नाहीं, तें धांवण्यासारख्या सर्वस्वीं शरीराच्या विद्येबाबत आमच्या दिवाणखान्यांतले पंडित बिनदिक्कत म्हणतात!

आतां अनुभवाच्या आक्षेपाकडे वळूं. जत्रेंतील गुराखी पोराची गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. उलट तिचा सर्वांत मोठा दाखला आम्हीच देतों, कारण तो पुण्याचाच आहे. १९१९ सालीं डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटा यांनीं तेथील शर्यती पाहिल्या. शेतांत राबणारीं, साध्या अन्नावर वाढलेलीं, अनवाणी धांवणारीं मुलें त्यांना दिसलीं. युरोपीय नियमांचा वा आधुनिक शिक्षणाचा त्यांना गंध नव्हता. तरी त्यांच्या वेगानें दोराबजी थक्क झाले, आणि त्यांतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याची कल्पना निघाली. त्या संघांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षींची मॅरेथॉन आजच्यापेक्षां लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. चौगुले एकोणिसावे आले. त्यांना २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद लागले. पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्या सुमारें अठरा मिनिटें पुढें होता.

उपजतवादी म्हणेल, पाहा, शिक्षणावांचून आमचा माणूस जगांत एकोणिसावा आला! आम्ही विचारतों, त्या अठरा मिनिटांचें काय? कोलेहमाइनेन हा कांहीं त्या दिवशींच धांवूं लागलेला नव्हता. आठ वर्षांपूर्वीं, १९१२ सालीं स्टॉकहोमला, त्यानें तीन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. त्याच्या मागें लांब पल्ल्याच्या धांवण्याची एक सबंध परंपरा उभी राहत होती, आणि त्याच्या पाठोपाठ हातांत घड्याळ घेऊन सराव करणारा पाव्हो नुर्मी तिच्यांतून आला. चौगुल्यांच्या मागें काय होतें? त्यांची स्वतःची जिद्द आणि एका उदार गृहस्थाचें द्रव्य. त्यांची योग्यता आम्ही यत्किंचितही कमी मानीत नाहीं. आम्ही मोठी मानतों, म्हणूनच तें अंतर आम्हांला बोंचतें. गुराखी पोरगा जत्रेंत पहिला येतो, कारण तेथें त्याची गांठ त्याच्यासारख्यांशींच असते. त्याला जगांत पहिला आणावयाचा तर जत्रा संपल्यावर जें करावयाचें असतें, तें आपण केलें नाहीं. आपण त्याचें कौतुक केलें आणि घरीं आलों.

ही केवळ शंभर वर्षांपूर्वींची कथा नव्हे. १९७८ सालीं जालंधरला शिवनाथसिंग यांनीं मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पुरी केली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. त्या चाळीस वर्षांत जगांतील धांवपटू कोठल्या कोठें गेले. केनियाच्या एलियुद किपचोगे यांनीं २०२२ सालीं बर्लिनला तेंच अंतर २ तास १ मिनिट ९ सेकंदांत काटलें. धांवणें जर केवळ उपजत असेल, तर या हिशेबाचा अर्थ काय लावावयाचा? त्या चाळीस वर्षांत या देशांत किती कोटि मुलें जन्मलीं! त्या सर्वांच्या जन्मवेळीं विधाता दीर्घ पल्ल्याचे पाय द्यावयाचे विसरला काय? पाय जन्मत होते. ते कमावणारा कोणी नव्हता, हाच सरळ अर्थ आहे.

येथें आम्हांला एका विशेष चीड आणणाऱ्या प्रकाराविषयीं लिहिलें पाहिजे. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें आणि त्याच वर्षीं आशियाई स्पर्धेंत रौप्यपदक. लगेच लेख आले कीं, डोंगरांतून पाणी वाहून आणतां आणतां त्यांचे पाय तयार झाले. आम्ही विचारतों, डोक्यावरच्या हंड्यानें पदक मिळत असतें तर महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून घरटी एक पदक निघावयास नको होतें काय? लाखों बाया जन्मभर पाणी वाहतात. त्यांना पदकें मिळत नाहींत, कंबरदुखी मिळते. कविता राऊत यांच्या आणि त्यांच्या मैत्रिणींच्या नशिबांत फरक पडला तो नाशिकला विजेंदरसिंग यांच्यासारखा शिक्षक भेटल्यानें आणि त्याच्या हाताखालीं वर्षानुवर्षें केलेल्या श्रमांनीं. हालअपेष्टांना 'निसर्गाची शाळा' म्हणणें हें पोट भरलेल्या माणसाला मोठें सोयीचें असतें. कारण गरिबीच जर शिक्षक असेल तर मैदान, आहार आणि पगारी शिक्षक देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाहीं.

अविनाश साबळे यांचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. बीड जिल्ह्यांतील मांडव्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा लहानपणीं सहा किलोमीटर शाळेला चालत वा धांवत जात असे, हें सर्वांना तोंडपाठ आहे. पण शाळा सुटल्यावर तो पदकें घेऊन थेट मैदानावर गेला नाहीं, सैन्यांत गेला. महार रेजिमेंटमध्यें राहून, सियाचीनसारख्या ठिकाणीं नोकरी करून, तो स्पर्धेच्या धांवण्याकडे वळला तो २०१५ च्या सुमारास, वयाच्या विशींनंतर. आणि त्यासाठीं त्याला वजन सुमारें वीस किलो उतरवावें लागलें. विसाव्या वर्षीं त्याला पाहून त्याच्या 'रक्तांत' काय आहे तें कोणत्या ज्योतिष्यानें सांगितलें असतें? २०१८ सालीं साबळे यांनीं ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींतील गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. वेळ ८ मिनिटें २९.८० सेकंद. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक. सुवर्ण हुकलें तें सेकंदाच्या विसाव्या भागानें. २०२४ सालीं पॅरिसला ८ मिनिटें ९.९१ सेकंद. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद! या सहा वर्षांत त्यांचें रक्त बदललें नव्हतें, आईबाप बदलले नव्हते, मांडव्याची वाटही बदलली नव्हती. बदलत होता तो सराव.

परदेशांतील उदाहरणेंही, बारकाईनें पाहिलीं तर, हेंच सांगतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० सालीं रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धांवून मॅरेथॉन जिंकला, आणि 'निसर्गपुत्र' ही उपाधि त्याला कायमची चिकटली. परंतु हा निसर्गपुत्र बादशहाच्या खाशा पलटणींतला शिपाई होता, आणि ओन्नी निस्कानेन या स्वीडिश शिक्षकाच्या हाताखालीं त्याची रीतसर तयारी झालेली होती. चार वर्षांनीं तोक्योला तो बूट घालून धांवला. तत्पूर्वीं सुमारें सहा आठवडेच आधीं त्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. तरी त्याची वेळ रोमपेक्षां तीन मिनिटांनीं सुधारली. अनवाणी पायांचें काव्य त्या तीन मिनिटांपुढें फिकें पडतें. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक हा झ्लीनच्या बूट-कारखान्यांतला कामगार. मान वांकडी, चेहरा वेदनेनें पिळवटलेला. उपजत धांवपटूचें चित्र काढावयास सांगितलें असतें तर कोणत्याही चित्रकारानें याचें काढलें नसतें. चारशे मीटरचा फेरा एकाच दिवसांत पुन्हां पुन्हां, कित्येक दशकें वेळां धांवण्याची त्याची रीत पाहून लोक हंसत. १९५२ सालीं हेलसिंकीला त्यानें ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि आयुष्यांत प्रथमच धांवलेली मॅरेथॉन, अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. मग हंसणें थांबलें. आणि न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरांत आर्थर लिडियर्ड नांवाच्या, बुटांच्याच कारखान्यांत काम केलेल्या माणसानें आधीं स्वतःवर प्रयोग करून ठरविलें कीं, मध्यम पल्ल्याच्या धांवपटूनेंही आठवड्यास शंभर मैल धांवून आधीं पाया घालावा. २ सप्टेंबर १९६० रोजीं रोमला तासाभराच्या अंतरानें त्याच्या दोन शिष्यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं, पीटर स्नेलनें ८०० मीटरचें व मरे हॅलबर्गनें ५,००० मीटरचें. त्यांतल्या हॅलबर्गचा डावा हात रग्बींतील दुखापतीनें निकामी झालेला होता. तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्यें तिसरा आला. एका शहरांत, एका शिक्षकाच्या हाताखालीं, एकाच वेळीं उपजत गुणांचा असा पाऊस पडतो काय?

तेव्हां पहिला आक्षेप, कीं धांवणें ही विद्याच नव्हे, त्याचें उत्तर यांतच आलें. मूल आपण होऊन धांवतें तसें तें आपण होऊन बोलतेंही. म्हणून वक्तृत्व ही विद्या नव्हे असें कोणी म्हणत नाहीं. पळणें उपजत आहे. तीन तास एका लयींत, शेवटच्या मैलापर्यंत शक्ति पुरवून धांवणें हें उपजत नाहीं.

आतां प्रतिपक्षाचा शेवटचा आणि सर्वांत बळकट आधार विज्ञानाचा. विज्ञानानें आनुवंशिकता सिद्ध केली, असें आम्हांस बजावून सांगण्यांत येतें. ठीक आहे; काय सिद्ध केलें तें पाहूं. क्लोद बूशार आणि त्यांचे सहकारी यांनीं अमेरिका व कॅनडा येथें बैठें जीवन जगणाऱ्या शेंकडों माणसांना, कुटुंबेंच्या कुटुंबें घेऊन, वीस आठवडे एकाच प्रकारचा व्यायाम दिला, आणि शरीराची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति आधीं व नंतर मोजली. ती सरासरीनें मिनिटास सुमारें चारशे मिलिलिटर वाढली. पण कोणाची जवळजवळ मुळींच वाढली नाहीं, तर कोणाची एक लिटरहून अधिक वाढली. आणि या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक असावा, असें १९९९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. हें आम्ही मान्य करतों. पण वाचकांनीं नीट पाहावें: आईबापांकडून आलेली म्हणून येथें जी वस्तु सांपडली, ती आहे शिक्षणाला प्रतिसाद देण्याची शक्ति! ती वीस आठवडे शिक्षण दिल्यावरच मोजतां आली. खुर्चींत बसून राहिलेल्या माणसाच्या तोंडावर ती लिहिलेली नव्हती. शिवाय २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या माँतेरो व लुंडबी यांच्या प्रयोगांत, सहा आठवड्यांच्या व्यायामानें ज्यांच्या श्रमशक्तींत कांहींच वाढ दिसली नाहीं, त्यांना आठवड्यांतून आणखी दोन दिवस व्यायाम देऊन पुढें सहा आठवडे पाहिलें. तेव्हां प्रतिसाद न देणारा असा एकही उरला नाहीं. ज्यांना 'याचें काम नव्हे' म्हणून आपण घरीं पाठविलें असतें, त्यांना केवळ थोडें अधिक शिक्षण हवें होतें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. नाहीं तर आमच्या मताचा दुसऱ्या बाजूनें गैरउपयोग होईल. 'दहा हजार तास घाला आणि कोणीही कांहींही होईल' असें सांगणारे शिक्षणाचे नवे व्यापारीही बाजारांत आले आहेत. ते उपजतवाद्यांइतकेच चुकतात. प्रत्येकाची मर्यादा निराळी आहे. फक्त ती आधीं सांगतां येत नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें. तसेंच शिस्त म्हणजे छळ नव्हे. रोज दम लागेपर्यंत धांवणें, शेजाऱ्याच्या घड्याळाशीं स्पर्धा करणें, दुखत्या गुडघ्यानें पळणें, ही शिस्त नसून शिस्तीचा अभाव आहे. शिस्तींत मुख्य गोष्टी तीन. पहिली नियमितता: थोडें, पण चुकूं न देतां. दुसरी संयम: बहुतेक दिवस बोलतां येईल इतक्या मंद गतीनें धांवावें, वेगाचे दिवस मोजके असावेत, आणि अंतर हळूहळू वाढवावें. तिसरी विश्रांति, कारण शरीर कमावलें जातें तें श्रमांनंतरच्या विश्रांतींत. आमचा हौशी मध्यमवर्गीय नेमका या तिन्हींत कच्चा असतो. तो महागडे बूट घेतो, मनगटावर यंत्र बांधतो, शर्यतीचें नांव नोंदवितो, आणि शेवटच्या महिन्यांत चार लांब पल्ले उरकून मैदानांत उतरतो. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास शरीरांतील साठविलेली साखर संपत येते, पाय दगडाचे होतात, आणि उरलेलें अंतर तो देवाचा धांवा करीत काढतो. त्याला विचारावें, आनंद कोठें आहे? जो आनंदासाठीं शिस्त नको म्हणत होता, त्याच्या हातीं शेवटीं ना शिस्त ना आनंद. आणि घरीं येऊन तो म्हणतो, "आपल्या रक्तांत नाहीं बुवा!" रक्ताला दोष देणें सोपें, रक्त उलट उत्तर देत नाहीं.

मोठ्या माणसांनीं स्वतःची अशी समजूत घालून घेतली तर नुकसान त्यांचें त्यांना. पण हेंच मत शाळेंत शिरतें तेव्हां तें मुलांचें नुकसान करतें, आणि तेथेंच आमचा खरा वाद आहे. वार्षिक क्रीडादिनीं एक शर्यत होते. अकराव्या-बाराव्या वर्षीं जो मुलगा इतरांहून आधीं वाढीला लागला आहे, ज्याचा जन्म वर्गांतील इतरांहून सहा-आठ महिने आधींचा आहे, तो अर्थातच पुढें येतो. त्याला गुणी ठरविण्यांत येतें. मागें राहिलेल्या चाळिसांना त्या एका दुपारीं, पांच मिनिटांत, जन्माचा निकाल मिळतो. मुलींना तर कित्येक ठिकाणीं तेवढी शर्यतही मिळत नाहीं. आणि शारीरिक शिक्षणाचा तास परीक्षा जवळ आली कीं गणिताच्या शिक्षकांना दिला जातो. कारण ज्यांच्यांत आहे ते आपले आपण धांवतीलच!

आम्ही पुष्कळ वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों, त्यामुळें एका गोष्टीची तुलना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मुलगा गणितांत नापास झाला, तर 'गणित तुझ्या रक्तांत नाहीं, स्वस्थ बस' असें कोणता सुशिक्षित बाप म्हणतो? तो दुसऱ्याच दिवशीं शिकवणी लावतो. एकानें जमलें नाहीं तर दुसरा शिक्षक पाहतो. बारावीच्या वर्षीं घरांतला दूरदर्शनही बंद ठेवतो. तेथें त्याची अभ्यासावर अढळ श्रद्धा असते. तोच बाप मुलाच्या पायांविषयीं मात्र एका क्षणांत प्रारब्धवादी बनतो. याचें कारण शास्त्रांत नाहीं. याचें कारण हें कीं, गणितानें पोट भरतें असें त्याला वाटतें, आणि धांवण्यानें भरत नाहीं. असेल; पण मग तसें स्पष्ट म्हणावें. 'आम्हांला त्याची किंमत वाटत नाहीं' हें सांगण्याऐवजीं 'देवानें दिलें नाहीं' असें सांगून देवाला मध्यें कां ओढावें?

आमची मागणी मोठी नाहीं. प्रत्येक शाळेनें प्रत्येक मुलामुलीला, निवड न करतां, निदान तीन वर्षें आठवड्यांतून तीन दिवस, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं धांवावयास लावावें. कोण पहिला येतो हें त्या तीन वर्षांत विचारूंच नये. तालुक्यागणिक एक पगारी शिक्षक आणि एक मोकळें मैदान असावें. मग कोणाच्या रक्तांत काय आहे याची चर्चा खुशाल करावी. त्या चर्चेला त्या वेळीं कांहीं आधार असेल. आज ती आळसानें केलेली भविष्यवाणी आहे. आणि त्या तीन वर्षांनंतरही जीं मुलें मागेंच राहतील, त्यांना पुढें जन्मभर पुरेल अशी एक गोष्ट तरी मिळालेली असेल: काल जें अंतर तोडवत नव्हतें तें आज तोडवतें, आणि त्याला कारण आपण स्वतः आहों, हा अनुभव. हा अनुभव आईबापांकडून वारसा म्हणून मिळत नाहीं. ज्याचा त्यानेंच तो कमवावा लागतो.